कंट्रोलचं पाणी

१४ सप्टेंबर २००३, रविवार. वैशाली, गाझियाबाद

नवी वही सुरू केली. मोठ्या माणसांच्या दैनंदिन्या पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडतात, आणि मी आता मोठ्या पदाच्या उंबरठ्यावर आहे हे स्वतःच्याच वहीत लिहायला लाज कसली? डॉ. नरसिंह खांबेटे, वय त्रेपन्न, मत्स्यशास्त्र. दिल्लीतली सरकारी क्वार्टर्स सोडून या नव्या सोसायटीत आठव्या मजल्यावर आलो, त्याला दोन वर्षं झाली. गॅलरीतून समोर मॉलचं बांधकाम दिसतं आणि मागे हिंडन नदी. तिला नदी म्हणायचं म्हणजे औदार्यच. काठावर भांड्यांना मुलामा देणारे कारखाने आहेत, त्यांचं सगळं धुवण त्याच पाण्यात.

माझं काम याच्याशीच आहे. झेब्राफिश नावाचा बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, तिसऱ्या दिवशी पिल्लू बाहेर. आम्ही पाण्यात अगदी थोडं तांबं मिसळतो, सरकारी मर्यादेपेक्षाही खूप कमी, आणि पिल्लाच्या आत कोणता जनुक जागा होतो ते बघतो. धातू आला की जागा होणारा एक ठरावीक जनुक आहे. तो जागा झाला की चाचणीच्या जेलवर, म्हणजे एका पारदर्शक वडीवर, पट्टी उमटते. जोडीला कंट्रोल ठेवायचा, म्हणजे काहीच न मिसळलेल्या पाण्यातली पिल्लं. तिथे पट्टी दिसता कामा नये.

मी भाषणात नेहमी सांगतो की मासा मेला का, एवढंच बघू नका. दिसायला ठणठणीत असतो, पोहतो, खातो. आत काय काय सोसतोय ते बघा. टाळ्या पडतात.

हाताखाली दोन विद्यार्थी. ऋग्वेद, पुण्याचा, तल्लख. आणि उन्नती गजभिये, मूळची यवतमाळकडची. वडील शामराव दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात क्लार्क, तिथेच आर. के. पुरमला क्वार्टर. मुलगी कष्टाळू आहे. राखीव यादीतून आली तशी ठीकच. मी जातपात मानत नाही, तिच्या डब्यातली वांग्याची भाजी मी सगळ्यांसमोर खाल्ली आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

आईला लॅब दाखवायची होती, आज योग आला. पंचाहत्तर वर्षांची आहे, पण उत्साह काय! झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ, सगळं पिशवीत भरून घेतलं. सूक्ष्मदर्शकाला कुंकू, जनुकांच्या मशीनला हार. लॅब अटेंडंट विष्णू गढवालचा, तो कौतुकाने बघत होता. 'माताजी, हमारे यहाँ भी औज़ार पूजते हैं,' म्हणाला.

मग माशांच्या खोलीतली पाण्याची टाकी. सगळ्या माशांना पाणी तिथूनच जातं. तिला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या खिशात. पाण्याच्या बाबतीत मी कोणावर विश्वास ठेवत नाही. आईने टाकी उघडायला लावली आणि आजेसासूच्या डब्यातले पाच ढब्बू पैसे आत सोडले. 'पाणी हे दैवत आहे, रिकाम्या हाताने पुजू नये,' म्हणाली. अगदी भरून आलं मला.

उन्नती कानाशी येऊन म्हणाली, 'सर, नाणी तांब्याची आहेत. काढायला हवीत.' मी म्हटलं, 'आईदेखत नको गं. मी काढतो नंतर, किल्ली माझ्याकडेच आहे.' पोरीला प्रसंगाचं भान म्हणून नाही.

आईने तिला आडनाव विचारलं. तिने सांगितलं. मग आईने प्रसाद दिला, पण हातावर वरून टाकला. जुनी माणसं, त्यांचं काय मनावर घ्यायचं? संस्थेतून घरी येताना हिंडनच्या पुलावर दीड तास जाम.

५ ऑक्टोबर, रविवार. विजयादशमी

सोनं लुटलं! समितीतल्या एका मित्राचा सकाळीच घरी फोन. प्रकल्प मंजूर. पाच वर्षांचा, माझ्या नावाने, आणि विभागप्रमुखपदासाठीही माझंच नाव पुढे. 'खांबेटे, तुमच्यासारखा माणूस दुसरा नाही आमच्याकडे,' हे त्याचे शब्द, जसेच्या तसे लिहून ठेवतोय. आईने दृष्ट काढली. हिने श्रीखंड केलं. आयुष्यात असे दिवस किती येतात?

१७ नोव्हेंबर, सोमवार

डोकं फिरलंय. उन्नतीच्या कंट्रोलमध्ये पट्टी. फिकट, पण आहे. शुद्ध पाण्यातल्या पिल्लात जनुक जागा? म्हणजे कुठेतरी घाण झाली. सप्टेंबरपर्यंत तिचाच कंट्रोल स्वच्छ होता. सगळ्यांसमोर जेल दिव्यावर धरून विचारलं, 'हे काय आहे?' म्हणाली, 'सर, ऑक्टोबरनंतरच येतंय.' मी म्हटलं, 'ऑक्टोबरनंतर तुझं लक्ष उडालंय, म्हणून येतंय.' ऋग्वेद हसला. तीही कसनुसं हसली.

सगळं परत करायला सांगितलं.

९ डिसेंबर, मंगळवार

तिसऱ्यांदा पट्टी. आज तिला सगळी काच आम्लात धुवायला बसवलं. चारशे नळ्या. हातमोजे संपलेत असं विष्णू म्हणाला. मी म्हटलं पातळ आम्ल आहे, कोणी मरत नाही. तिनेही मान हलवली.

दुपारी खोलीत आली. 'सर, टाकीत ती...' मी पुढे बोलूच दिलं नाही. 'टाकीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. म्हणजे घाण मी केली, असं म्हणायचंय का तुला?' मान खाली घातली. असंच असतं. स्वतःचा हात अस्वच्छ असला की माणूस पाण्याला दोष देतो. मग हळूच म्हणाली, पाण्याचा नमुना दिल्लीला पाठवू या, तिथे धातू मोजायचं मशीन आहे. ते मशीन दिनकर सोमणच्या विभागात, माझ्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या. त्या सोमणच्या दारात मी माझ्या टाकीचं पाणी तपासायला नेऊ? त्यापेक्षा नाक कापून देतो.

ऋग्वेदचे मासे नव्या काचपेट्यांत, टाकीच्या नाही, बाटलीच्या पाण्यावर आहेत. त्याचा कंट्रोल एकदम स्वच्छ. आणखी काय पुरावा हवा?

६ जानेवारी २००४, मंगळवार

धुकं इतकं की समोरची बिल्डिंग दिसत नाही. ऑफिसला पोचायला अकरा वाजले. टेबलावर उन्नतीचा लेखी अर्ज, दोन पानी. वाचला नाही. आता ऋग्वेद तिचा वरिष्ठ आहे, अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल यायला हवा. वर तसं लिहून परत पाठवला. संध्याकाळी ऋग्वेदला विचारलं, काय होतं त्यात? म्हणाला, 'काही नाही सर, तेच टाकी-बिकी. बहाने.' चलो, विषय संपला.

मीटिंगमध्ये तिला फळ्याजवळ उभं केलं आणि कंट्रोल म्हणजे काय याची व्याख्या सांगायला लावली. बी.एस्सी.च्या मुलांना विचारतात तसं. सांगितली तिने. बिनचूक सांगितली. मी म्हटलं, 'वा! पाठांतर उत्तम आहे.' सगळे हसले. कधीकधी माणसाला असं हलवावं लागतं, मलाही माझ्या गुरूंनी हलवलं होतं. तिच्या बोटांना भेगा पडल्यात, खडू धरताना दिसलं.

तशी ठणठणीत आहे. रोज येते, वेळेवर येते, डबा खाते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज शामराव गजभिये स्वतः आले होते. आर. के. पुरमहून दोन बस बदलून. हातात संत्र्यांची पिशवी, नागपूरहून कोणी आणली होती म्हणे. खुर्चीच्या टोकावर बसले. आरामात बसा म्हटलं तरी मागे रेलले नाहीत.

'साहेब, पोरगी रात्रीची झोपत नाही. घरात कोणाशी बोलत नाही. तिची आई प्रभावती तर घाबरून गेलीय. काही चुकलं असंल तर पदरात घ्या.'

मी समजावून सांगितलं की विज्ञानात पदरात घेणं नसतं.

'तिच्या फेलोशिपची मुदत एकतीस मार्चला संपते, साहेब. पुढच्या दोन वर्षांसाठी तुमची एक सही लागते. मी मेमध्ये रिटायर होतो, क्वार्टर सोडावं लागंल. आमच्या सगळ्या खानदानात डॉक्टरेटपर्यंत पोचलेली ही एकटी आहे. मी फक्त दहावी आहे, मला त्यातलं कळत नाही. पण माझी पोरगी लबाड नाही हे मला माहीत आहे.'

मी म्हटलं, 'लबाड कोण म्हणतंय? कुवत नाही एवढंच.' सौम्यपणे म्हटलं. त्यांनी हात जोडले, उठले. दाराशी थांबून म्हणाले, 'ती म्हणते सर मोठे आहेत, त्यांच्या आपोआप लक्षात येईल.' बघा, पोरीला निदान आदर आहे. संत्री गोड निघाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

'काम असमाधानकारक' असा शेरा मारून उन्नतीला प्रकल्पातून काढलं. वही जमा, ओळखपत्र जमा, कपाटाची किल्ली जमा. रडेल असं वाटलं होतं. नाही रडली. माशांच्या खोलीत जाऊन यायची परवानगी मागितली, मी ऋग्वेदला सोबत पाठवलं. तो म्हणाला, टाकीपाशी दोन मिनिटं नुसती उभी राहिली. विचित्र मुलगी.

हलकं वाटतंय आज. सडका दात काढल्यावर वाटतं तसं.

२९ मार्च, सोमवार

घाईघाईत लिहितोय, अक्षर बघूनच कळेल.

टाकीची तोटी गळत होती, म्हणून पूर्ण उपसून साफ करायला सांगितली. किल्ली दिली. अर्ध्या तासाने विष्णू ओली मूठ घेऊन आला. 'साब, टंकी में से ये निकला.' पाच ढब्बू पैसे. कडेने हिरवे, मधे लख्ख. आईचे.

देवा रे! सहा महिने तांब्याची नाणी पाण्यात आणि मी त्या पाण्याला शुद्ध म्हणत होतो. पोरीचा हात स्वच्छ होता. पट्टी खरी होती. त्या पिल्लांना जे कळलं ते मला कळलं नाही, मला, खांबेट्याला!

विष्णूला म्हटलं, कुठे बोलू नकोस. तो म्हणाला, 'जी.' पण बघितलं माझ्याकडे. त्याला नोव्हेंबरपर्यंत पेन्शनची फाइल माझ्याकडून पुढे सरकवून घ्यायची आहे, बोलणार नाही.

सहीचा कागद ड्रॉवरमध्ये आहे. एकतीसपर्यंत वेळ आहे.

३१ मार्च, बुधवार

सकाळी कागद बाहेर काढला. पेनही उघडलं. पण सही करायची तर कारण लिहावं लागतं, 'पूर्वीचा शेरा मागे घेत आहे कारण.' कारण काय लिहू? माझ्या आईने टाकीत नाणी टाकली? सोमण संबंध दिल्लीभर सांगत सुटेल. एप्रिलमध्ये विभागप्रमुखाची मुलाखत आहे. आणि आई! या वयात तिला कळलं तर काय वाटेल? तिच्यासाठीच मी गप्प आहे, खरं सांगायचं तर.

तीन वाजता शामरावांचा फोन आला. विष्णूला सांगायला लावलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. साडेचारला परत आला. साडेपाचला ऑफिस बंद झालं. कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. घरी येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आलो.

१६ एप्रिल, शुक्रवार

उपसण्यापूर्वीचं थोडं पाणी एका बाटलीत उरलं होतं. नदीच्या वरच्या भागातला नमुना म्हणून सोमणकडे पाठवलं. आज आकडा आला: लिटरला चार मायक्रोग्रॅम तांबं. चार! आमचा सगळ्यांत कमी डोस होता दहा. जगात इतक्या खाली कोणी बघितलेलंच नसणार. आणि उन्नतीने तेच नऊ वेळा केलंय, नऊही वेळा पट्टी. इतकं नेटकं काम मी वर्षानुवर्षं पाहिलं नाही.

म्हणजे वाया काहीच गेलं नाही! हा कंट्रोल नव्हताच. हा सर्वांत कमी डोस. फक्त नाव बदलायचं.

रात्री जेवणही केलं नाही, शोधनिबंधाचा आराखडा लिहीत बसलो. पहिलं नाव ऋग्वेदचं, शेवटचं माझं. उन्नती आता संस्थेत नाही, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या प्रश्नच येत नाही.

१९ एप्रिल, सोमवार

तिची प्रयोगवही चाळत होतो. पान ४१, चार ऑक्टोबर: 'टाकीत तांब्याची पाच नाणी.' एवढंच. म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ही बया गप्प राहिली! मला खड्ड्यात पडताना बघत राहिली! मी मूर्खासारखा अपराधी वाटून घेत होतो, तीन आठवडे झोप उडवली स्वतःची. एका वाक्यात सांगता आलं असतं. एका वाक्यात! मनात अढी असल्याशिवाय माणूस असं वागत नाही.

आता जिवाला शांत वाटतंय. पान ४१ काढून टाकलं. चाळीसनंतर त्रेचाळीस येतं, कोण मोजत बसलंय.

२ ऑगस्ट, सोमवार

निबंध स्वीकारला! इतक्या लवकर मलाही अपेक्षा नव्हती. परीक्षकाने लिहिलंय की सर्वांत खालच्या डोसचं काम अनुकरणीय काटेकोर आहे. विभागप्रमुखाच्या दारावर माझी पितळी पाटी लागली, तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

ऋग्वेद मित्राच्या लग्नासाठी पानिपतला गेला होता, तिथल्या बस स्टँडवर त्याला उन्नती दिसली. एका रंगाच्या कारखान्यात आहे म्हणे, कापडाचा रंग पक्का आहे का ते तपासते. खासगी, पाळीवर. कोपरापर्यंत हात निळे होते. वडिलांनी क्वार्टर सोडल्यावर सगळे तिकडेच भाड्याने गेले. ऋग्वेदने तिला निबंधाचं सांगितलं, शहाणाच आहे. तिने विचारलं, 'किती निघालं पाण्यात?' तो म्हणाला चार. 'मला वाटलं होतं पाच असेल,' म्हणाली आणि बसमध्ये चढली.

यात मत्सर नाही तर काय?

२१ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी

आई यंदाही आली. आता माझी स्वतःची केबिन, लॅब दुप्पट मोठी, टाकीही नवी. निबंधाचं पहिलं पान फ्रेम करून लावलंय, त्याला आईने हार घातला. मग पिशवीतून पुरचुंडी काढली. तेच पाच पैसे. मी घरच्या ड्रॉवरमध्ये टाकले होते, तिला सापडले असणार.

मी हात धरला. 'आई, नको. पाण्यात नको.'

'का रे? गेल्या वर्षी टाकले म्हणून तर एवढं नाव झालं तुझं.'

मी म्हटलं, तांबं माशांच्या पिल्लांना सोसत नाही. आई म्हणाली, 'अरे हो! ती मुलगी पण हेच म्हणत होती. काळीसावळी, यवतमाळची. तू फोनवर होतास तेव्हा म्हणाली, आजी, मी अलगद काढून धुऊन तुमच्या हातात देते. बाही वर करून तयार होती बघ. मी म्हटलं, पुजलेलं पाणी आहे, तू हात घालू नकोस त्यात. लगेच मागे सरली. म्हणाली, बरं आजी, सरांना सांगितलंय मी. ते काढणार आहेत. गुणी होती हो. कुठे असते आता?'

विष्णू दाराशी उभा होता. ऋग्वेद जमिनीकडे बघत होता.

मी म्हटलं, 'मला काही सांगितलं नव्हतं तिने.' जरा मोठ्यानेच म्हटलं.

मागचं लिहिलेलं वाचायची मला सवय नाही. आज घरी आल्यावर ही वही काढली आणि गेल्या खंडेनवमीचं पान उघडलं. माझंच अक्षर. 'सर, नाणी तांब्याची आहेत. काढायला हवीत.' आणि खाली माझंच उत्तर.

शेजारी टीव्हीवर आरती चालू होती. हिने दोनदा जेवायला हाक मारली. मग मी तिच्याकडून कात्री मागून घेतली. हे पान घरात असणं बरं नाही. उद्या माझ्यामागे कोणी वाचलं, कोणी चरित्र लिहायला घेतलं, तर एवढ्याशा गोष्टीचा विपर्यास होईल.

पान कात्रीत धरलं आणि उलटून बघितलं. मागच्या बाजूला विजयादशमी. प्रकल्प मंजूर झाल्याचा फोन, आणि 'तुमच्यासारखा माणूस दुसरा नाही आमच्याकडे,' जसंच्या तसं लिहून ठेवलेलं. त्या दिवशी अक्षरही काय सुरेख आलंय!

ते कसं कापायचं? कात्री परत दिली आणि जेवायला गेलो.